हिराकस

मथुराबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, वाकायचं नाही हा डॉक्टरांचा हुकूम मोडून त्या वाकल्या आणि शेवंतीचा शेंडा दोन बोटांत धरला. पान हिरवं होतं. त्यांनी शेजारच्या कुंडीतला शेंडा पाहिला, मग त्यापलीकडचा. सगळेच हिरवे होते.

"दीपे, अगं पिवळं कुठंय?"

दीपमाला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला दोरीवरच्या चादरी काढत होती. चादर खांद्यावर टाकून ती जवळ आली.

"वर काय बघताय आत्या? खाली बघा की, बुडाशी."

मथुराबाईंनी पाहिलं. खालची पानं पार पिवळी पडली होती, काही वाळून दांड्याला लोंबत होती. त्यांनी एक पान खुडून उन्हात धरलं. शिरासुद्धा पिवळ्या होत्या.

"कवापास्नं हाय असं?"

"पहिल्यापासून असंच आहे. मी सांगितलं होतं की तुम्हाला, पानं पिवळी पडल्यात म्हणून. तुम्हीच म्हणालात, हिराकस घाल."

ते खरं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोर सगळा धूर, आणि सून येऊन म्हणाली पानं पिवळी. मथुराबाईंनी वर का खाली हे विचारलंसुद्धा नव्हतं. खराडीच्या रानात सगळा जन्म गेलेल्या बाईला ते विचारायची गरजच पडली नव्हती. त्या रानात शेवंती पिवळी पडली की हिराकस, हे ठरलेलं. लोहाचे ते हिरवट खडे चिमूटभर बादलीत टाकायचे, वर लिंबू पिळायचं आणि पाणी बुडाशी घालायचं. जावांना, रोजाच्या बायांना, सगळ्यांना त्यांनी तेच शिकवलं होतं. सवयीच्या बैलाला कासरा लागत नाही म्हणतात, तसं त्यांचं झालं होतं. दीपमालानं अर्धा पावसाळा इमानेइतबारे हिराकस घातलं, कुंड्यांतल्या मातीवर तांबूस साय धरली, पण पिवळं काही हटलं नाही. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि पहिल्यांदाच त्या स्वतःच्या नजरेनं झाडं बघत होत्या.

त्या पानाकडे बघत राहिल्या. त्यांच्या रानात हे असं कधीच होत नव्हतं. तिथं पिवळं पडायचं ते शेंड्याला, कोवळ्या पानाला, आणि त्या पिवळ्या पानावर शिरा हिरव्या राहायच्या. बुडाची जुनी पानं खुशाल हिरवीगार असायची. रानात चुनखड होती; चुनखड झाडाला लोह घेऊ देत नाही, आणि जुन्या पानात असलेलं लोह शेंड्याला उचलून देता येत नाही. इथं उलटं झालं होतं. झाड उपाशी राहिलं की असं होतं. ते आपल्याच खालच्या पानांतलं काढतं आणि शेंड्याला देतं, आईनं पोटाला चिमटा काढून लेकराला वाढावं तसं. ते भुकेनं पिवळं पडलेलं झाड होतं. शेंडे मात्र हिरवे होते.

कुंड्यांत खराडीचीच माती होती, आणि त्या मातीत हिराकसावाचून शेंडा हिरवा राहूच शकत नव्हता. आता हिराकस घातलं म्हणून हिरवा असेल का? तसंही असेल. मथुराबाईंनी स्वतःला तसं समजावून पाहिलं आणि खुरपं मागितलं.

"आत्या, मातीत हात घालू नका म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. डोळ्यात गेलं तर?"

"डोळ्यानं उकरते व्हय मी? आण."

त्यांनी कुंडीच्या कडेनं मनगट बुडेल इतकं खोल उकरलं. मूठभर माती काढून तळव्यावर चोळली. काळी, मऊ, शेणखताच्या काड्या मिसळलेली माती. त्यांनी ती पुन्हा चोळली, फुंकर घातली, बोटांनी चिवडली. मग दुसऱ्या कुंडीतली काढली. खराडीच्या रानात कुठंही मूठ भरली तरी पांढरे खडे हाताला लागायचे. सासऱ्यांपासून सगळे म्हणायचे, देवानं आपल्या रानात साबुदाणा सांडलाय. इथं एकही खडा नव्हता.

मथुराबाई कुंडीच्या शेजारी खालीच बसल्या.

"दीपमाला," त्या म्हणाल्या. एरवी त्या तिला दीपे म्हणत. "ही माती कुठली हाय?"

दीपमालाच्या खांद्यावरची चादर घसरली. तिनं ती उचलली, झटकली, घडी घालायला घेतली आणि घडी अर्धीच ठेवून उभी राहिली.

मैना मथुराबाईंचं दुसरं लेकरू. थोरल्या संभाजीनंतर, म्हणजे दीपमालाच्या नवऱ्यानंतर, बऱ्याच वर्षांनी झालेली, आणि दात यायच्या आधीच तापानं गेलेली. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, माती देतात. मालकांनी तिला रानातच, बांधाच्या कोपऱ्याला ठेवलं आणि वर एक धोंडा बसवला. पाण्याचा तांब्या घेऊन संभाजी बापामागे चालत गेला होता. अशा लेकराचं श्राद्ध नसतं, पान वाढत नाहीत, तिथी कुणी विचारत नाही. घरातली माणसंसुद्धा नाव घ्यायचं सोडून देतात. म्हणून मथुराबाईंनी आपला एक नेम धरला होता. रानातली पहिली शेवंती बाजारात जायची नाही, ती धोंड्यावर जायची. फुलवाला व्यापारी बांधावर येऊन थांबला तरी पहिली ओंजळ मैनाची. मालक गेल्यावरही तो नेम चुकला नाही.

मग खराडीला कंपन्या आल्या. भाऊबंदांनी एकेक करून सह्या दिल्या, मधल्या पट्टीत एकट्या मथुराबाईंचं रान अडवून ठेवण्यात अर्थ उरला नाही. संभाजीनं गाड्या घेतल्या, त्या कंपन्यांच्या पोरापोरींना ने-आण करायला लावल्या, विश्रांतवाडीला बंगला बांधला. मथुराबाईंनी आडकाठी केली नाही. सही करताना फक्त एवढंच म्हणाल्या की यंत्रं लागायच्या आधी मला बांधाच्या कोपऱ्याची माती आणून दे. गच्चीवर कुंड्यांत शेवंती लावीन, माझी मी पहिली फुलं वाहीन. संभाजी म्हणाला, "आये, शब्द हाय माझा."

जूनमध्ये एका संध्याकाळी तो गाडीतून पोती घेऊन आला होता.

"कंपनीवाल्यांनी सोमवारी काम सुरू करणार म्हणून सांगितलं होतं," दीपमाला म्हणाली. ती खाली बसली होती आणि अर्धी घडी मांडीवर धरून बोलत होती. "हे शनिवारीच खोरं घेऊन गेले. तर यंत्रं आधीच लागलेली. बांध नव्हता, काही नव्हतं. नुसता खड्डा, मुरमापर्यंत. धोंडासुद्धा सापडला नाही त्यांना. वरची माती डंपर भरभरून कुठं टाकली, ते एकेका ड्रायव्हरला विचारत फिरले. कुणी म्हणे नाल्यात, कुणी म्हणे दुसऱ्या साइटवर. आत उतरू पण देईनात, पास मागत होते."

"मग ही?"

"लोणी काळभोरची. दिग्विजय भावजींच्या रानातली. मला म्हणाले, आईला नको सांगूस, तिला सहन व्हायचं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी सांगायला नको होतं ना?"

मथुराबाईंना आधी राग आला. असा की हातातली माती कुणाच्या तरी अंगावर भिरकवावी. शनिवारी कशाला गेला, शुक्रवारी का नाही, त्याच्या आदल्या आठवड्यात का नाही? गाड्यांच्या मागं पळायला वेळ होता त्याला. आणि वर खोटं बोलला, तेही आईशी, तेही मैनाच्या बाबतीत. मग त्यांना ती जूनची संध्याकाळ आठवली. धुरकट दिसत होतं, तरी त्या चाचपडत अंगणात गेल्या होत्या, पोत्यावर हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, "आलीस व्हय गं बाय घरी." संभाजी तिथंच शेजारी उभा होता. तो तसाच न्हाणीघरात गेला आणि नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. त्या रात्री तो जेवला नाही. त्यांना वाटलं होतं, बहिणीची आठवण आली असेल.

लोणी काळभोरच्या मातीवर आपण हात फिरवत होतो आणि त्यानं ते ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या रानातली माती, जिच्यात मैनाचं काही म्हणजे काही नाही. मथुराबाई रडल्या. डोळ्यांना पाणी लावायचं नाही असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते आतून आलं त्याला कोण काय करणार. दीपमाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग त्यांनी हात झटकले.

"मला समजलं हे त्याला सांगू नको."

"पण आत्या..."

"एक लेकरू गेलं ते गेलं. उघड झालं तर ह्या दुसऱ्याला मी तोंड कसं दाखवू, आन् त्यानं मला कसं दाखवावं? नगं. गप ऱ्हा."

संध्याकाळी संभाजी आला तेव्हा मथुराबाई सोप्यात बसल्या होत्या. बूट काढता काढता त्यानं विचारलं, "डोळा काय म्हणतोय आये? दिसतंय का नीट?"

"दिसतंय की. लख्ख दिसतंय."

त्याचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "गच्चीवर गेली व्हतीस म्हणं."

"गेले व्हते. पिवळी पडल्यात झाडं."

संभाजी मान वर न करता नाडी सोडवत राहिला. गाठ नव्हती तरी सुटत नव्हती. चांगला पन्नाशीकडे झुकलेला, दाराशी चार ड्रायव्हर ज्याची वाट बघत उभे राहतात तो माणूस, लहानपणी तांब्या घेऊन उभा होता तसाच दिसत होता.

"आपल्या रानाची खोड हाय ती," मथुराबाई म्हणाल्या. "चुनखड. कुंडीत घातली म्हणून जाती व्हय? हिराकस आण येताना. हाय ते संपत आलंय."

संभाजीची नाडी एकदाची सुटली. "आणतो की. वाघोलीच्या दुकानातनं आणतो, तिथं चांगलं मिळतंय." आणि बूट हातात घेऊन तो तसाच आत गेला.

झाडांना काय हवं ते मथुराबाईंना आता ठाऊक होतं. रानात झाडाच्या मुळ्या लांबवर जाऊन पोट भरतात. कुंडीत रोज पाणी घाला, ते तळाच्या भोकातून जाताना मातीतला कस घेऊन जातं. त्यांनी शेंगदाण्याची पेंड बादलीत भिजत घातली, ती आंबल्यावर त्यात पाणी वाढवून ते पातळ पाणी प्रत्येक कुंडीत तांब्यातांब्यानं घातलं. मातीवरची तांबूस साय खरवडून टाकली, शेणखताचा थर दिला, वाळलेली पानं खुडली. पेंडीचा वास भिंत ओलांडून शेजारच्या बंगल्यात गेला. शनिवार पेठ सोडून नव्यानं राहायला आलेले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आपल्या गच्चीतून म्हणाले, "अहो बाई, रविवारी आमच्याकडे मुलगी बघायला येतायत. आपलं अत्तर तेवढं एक दिवस झाकून ठेवाल का?" मथुराबाईंनी बादलीवर ताट उपडं घातलं आणि पुढं फुलं आल्यावर त्यांच्याकडे द्रोणभर पाठवायची असं मनाशी ठरवलं.

बुडाची गेलेली पानं परत हिरवी होत नसतात. पण वरची वाढ रसरशीत झाली, फांद्या फुटल्या, नवरात्र बसायच्या सुमाराला कळ्या धरल्या. लोणीची माती चांगली होती. त्याचंच मथुराबाईंना वाईट वाटायचं. आपल्या रानातल्या शेवंतीला किती जपावं लागायचं, आणि ही परकी माती नुसत्या पेंडीच्या पाण्यावर भरभरून देत होती.

संभाजी हिराकस आणत होता. पुडी संपायच्या बेतात आली असेल असं वाटलं की मथुराबाई मागत, आणि तो आठवणीनं, वाकडी वाट करून आणायचा. दरवेळी त्याच्या हातात पुडी असली की चेहरा जरा मोकळा असायचा. हिरवट खड्यांची ती पुडी घेऊन त्या गच्चीवर जात आणि पाण्याच्या टाकीमागं ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यात टाकत. झाडांना आता ते नको होतं, आणि त्यानं आणलेलं फेकून द्यायचा त्यांना धीर होत नव्हता.

दसऱ्याला सकाळी पहिली फुलं उमलली. पिवळीधमक, बटणाएवढी. संभाजी अंघोळ करून, टोपी घालून, आपणहून वर आला. दीपमालानं परडी आणली. मथुराबाईंनी फुलं खुडली, ओंजळीत घेतली. कुठं वाहायची? खराडीच्या त्या कोपऱ्यावर आता जमिनीखाली गाड्या लावायच्या मजल्याचा काँक्रीटचा तळ होता. माती कुठल्या नाल्यात होती ते देवालाच ठाऊक. शेजारी मुलगा हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभा होता.  मथुराबाईंनी फुलं कुंडीतल्या मातीवर वाहिली. त्या वर्षी पहिली ओंजळ त्यांनी संभाजीसाठी वाहिली. मैनाला त्या मनातल्या मनात म्हणाल्या, तू समजून घे बाय.

संभाजीनं खाली वाकून कुंडीच्या काठाला कपाळ टेकलं. उठला तेव्हा कपाळावर माती होती, ती त्यानं पुसली नाही.

"हिराकसानं गुण आला आये," तो म्हणाला.

"आला की."

दिवाळीच्या आधी गच्चीला रंग द्यायचा ठरला. कुंड्या हलवायला रविवारी संभाजी स्वतः वर गेला. मथुराबाई खाली पोहे निवडत होत्या. वरून कुंड्या सरकवल्याचा आवाज येत होता, मग पत्र्याचा खणखणाट झाला, काहीतरी पडलं. त्यानंतर आवाज थांबला. बराच वेळ झाला तरी कुंडी हलल्याचं ऐकू येईना. मथुराबाईंनी सूप बाजूला सारलं; त्यांना टाकीमागचा डबा आठवला. डबा आपण झाकून ठेवला होता, पण तो टाकीमागून काढावा हे काही सुचलं नव्हतं.

भिंतीला धरून त्या जिना चढल्या. शेवटच्या पायरीवरून त्यांना दिसलं. संभाजी टाकीशी मांडी घालून बसला होता. त्याच्या पुढ्यात बिस्किटाचा डबा उघडा होता आणि त्यानं आणलेल्या सगळ्या पुड्या, गाठ न सोडलेल्या, फरशीवर पसरल्या होत्या. एक पुडी फुटली होती. हिरवट खडे हवेनं गंजून विटकरी झाले होते. त्यानं ते हातात घेतले होते आणि त्याचे खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस तोंडाला पंचा लावून, खाली आवाज जाऊ नये म्हणून रडत होता.

मथुराबाईंना वाटलं, जावं आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावं. त्यांनी एक पाऊल उचललंही. मग ते तसंच मागं घेतलं आणि आल्या तशा, पायरी पायरी चाचपत, खाली उतरल्या. जूनपासून तो एकटाच रडत असेल, न्हाणीघरात, गाडीत, कुठं कुठं. आज त्याला निदान माहीत होतं की आईला कळलंय आणि तरी आईनं फुलं वाहिली.

"ह्यांना चहा नेऊ का वर?" दीपमालानं विचारलं.

"थोड्या वेळानं ने."

त्या दिवशी संभाजी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवला, गाड्यांचे फोन घेतले, रंगाऱ्यावर ओरडला. मथुराबाईंनीही काही काढलं नाही. हिराकस मात्र त्यांनी आता मागितलं नाही. ते आता कशाला, असं त्यांना वाटलं; आणि त्याबरोबर काहीतरी संपलं याचं वाईटही वाटलं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी त्या सोप्यात सतरंजीवर बसून हारासाठी शेवंती ओवत होत्या. गच्चीवरचीच फुलं होती. त्यातला एक द्रोण शेजारी अत्तरवाल्यांकडे जायचा होता. फाटकापाशी गाडी थांबली. संभाजी आत आला, त्यानं बूट काढले आणि खिशातून एक पुडी काढून त्यांच्यापुढं धरली.

"हिराकस आणलंय आये."

मथुराबाईंनी वर पाहिलं. तो त्यांच्याकडेच बघत होता. जूनपासून पहिल्यांदा त्यानं नजर खाली घातली नव्हती. डोळे भरले होते, ते तो लपवत नव्हता.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "संपलंच व्हतं."

तो पुडी घेऊन जिन्यानं वर गेला. वर डब्याचं झाकण निघाल्याचा आणि पुन्हा बसल्याचा आवाज आला. मथुराबाईंनी फुलांची परडी उचलून मांडीवर घेतली आणि सतरंजीवर त्याला बसायला जागा केली.